नुसत्या फोटोवर जाऊ नका
कुणीतरी म्हटलंय की जुनी वस्तू ऑनलाइन घेताना फोटो चांगले असले की विक्रेता खरा, हे काय पटलं नाही बुवा. फोटो कुठूनही उचलता येतात, म्हणून मी विक्रेत्याला सरळ सांगतो की कागदावर आजची तारीख लिहून वस्तूशेजारी ठेवा नि नवीन फोटो पाठवा, खरा माणूस लगेच पाठवतो, फसवणारा मात्र गावाला गेलोय, कॅमेरा बिघडलाय असलं काहीतरी सुरू करतो. मोबाईल असेल तर *#०६# डायल करून येणारा १५ आकडी आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) बॉक्सवरच्या नंबरशी जुळवा आणि जुन्या मालकाचं अकाउंट तुमच्यासमोरच काढायला लावा, नाहीतर रिसेट केल्यावर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसतो (माझ्याकडे असा एक पेपरवेट आहे). आणि 'अजून दोघं मागतायत, आधी टोकन टाका' म्हटलं की मी तरी तिथूनच कल्टी मारतो.