छोट्या कॉफी शेतकऱ्याने स्पेशॅलिटी बाजारात सहकारी संस्थेतूनच जावं का?

मृण्मयी: माझं मत, संस्थेतूनच जावं. चव तपासणीत 100 पैकी 80 गुण पडले की कॉफी स्पेशॅलिटी, म्हणजे खास दर्जाची, ठरते. पण तोडलेलं फळ रात्रभर पोत्यात राहिलं तर आतल्या आत आंबतं आणि तो वास कपापर्यंत जातो. त्याच दिवशी पल्परमधून, म्हणजे फळाची साल काढणाऱ्या यंत्रातून, काढायचं, धुऊन जाळीच्या मांडवावर पातळ पसरायचं, सारखा हात फिरवत ओलावा 10 ते 12 टक्क्यांवर आणायचा. एकरभर बाग असलेल्या माणसाने ही यंत्रं कुठून आणायची? निर्यातीचा कंटेनर तर 60 किलोच्या सुमारे 320 पोत्यांनी भरतो! इथिओपियात 1999 साली उभ्या राहिलेल्या ओरोमिया संघाने गावोगावच्या संस्थांचा माल एकत्र करून थेट परदेशी विकला, तो याचसाठी.

रघुनाथ: पटत नाही. पैसे हातात कधी पडतात ते बोला. संस्था आधी उचल देते, उरलेला हप्ता माल विकल्यावर, म्हणजे काही महिन्यांनी. व्यापारी बांधावर वजन करून रोख मोजतो. घरात आजारपण असेल तर शेतकरी कोणाकडे जाईल? शिवाय पिकलेलंच फळ निवडायचं म्हणून एकाच झाडावर तीन-चार फेऱ्या. मजुरी लगेच द्यावी लागते, आणि 80 च्या खाली राहिलेला माल शेवटी नेहमीच्याच भावाने जातो.

मृण्मयी: रोखीचं खरं आहे. पण भाव पडला की तोच व्यापारी पडलेला भाव देतो. 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारातला कॉफीचा भाव पाऊंडाला 50 सेंटच्या खाली गेला होता. तेव्हा रोख मिळूनही खर्च निघत नव्हता.

हेमांगी: आणि भाव चढला की? कोलंबियात 2021 मध्ये तेच झालं. माल संस्थेला आधीच ठरलेल्या भावाने विकलेला, बाजार वर गेला, बऱ्याच शेतकऱ्यांनी तो दुसरीकडे घातला आणि संस्था अडचणीत आल्या. मी त्या शेतकऱ्यांना दोष देणार नाही. पण सगळा माल एका भावात बांधून ठेवणाऱ्या संस्थेवर भरवसा तरी कसा ठेवायचा?

रघुनाथ: माझी अट एकच. आपल्या मालाला किती गुण पडले आणि तो कितीला विकला गेला, हे दोन आकडे प्रत्येक सभासदाच्या पावतीवर छापा. मग उरलेल्या हप्त्यासाठी थांबायला मी स्वतः लोकांना सांगेन.