सायकलचं डावं पेडल सुटतच नाही, काय करू?

गोदाकाठ:
मुलीच्या सायकलची पेडलं बदलायला घेतली आहेत. स्क्रू कुठे फिरवायचा याची आजीने दिलेली खूण मी आजवर वापरत आले: प्रदक्षिणा घालतो तसा फिरवला की बसतो, उलटा फिरवला की सुटतो. बरणीच्या झाकणापासून कुकरच्या हँडलपर्यंत कधी चुकली नाही. उजवं पेडलही तसंच निघालं. डाव्यावर काल तासभर झटले, पान्यावर पाय देऊन उभी राहिले, तसूभर हललं नाही. गंज असेल का?

जुना फिटर:
ताई, आधी थांबा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, म्हणजे काल तुम्ही ते तासभर आवळलंत. पंधरा नंबरचा पाना पेडलच्या दांड्यावर सरळ वर उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंना हाच नियम, डावं-उजवं आठवायलाच नको. आता फार घट्ट बसलं असेल, तेव्हा रात्रभर तेल मुरू द्या. नवीन पेडलांच्या दांड्यावर एल आणि आर कोरलेलं असतं, ते बघूनच लावा. चुकीचं पेडल जोर करून बसवलं तर पेडल ज्यात बसतं त्या क्रँकचे आटे जातात, आणि मग क्रँकच बदलावा लागतो.

आमच्या वेल्डिंगच्या कामात उलटे आटे जिवाच्या काळजीने ठेवलेत. ऑक्सिजनच्या सिलिंडरचे सरळ, अ‍ॅसिटिलीन या जळाऊ वायूच्या सिलिंडरचे उलटे, म्हणजे एकाचा रेग्युलेटर दुसऱ्यावर चढतच नाही. अ‍ॅसिटिलीनच्या नटाच्या कडांना खाचा असतात. अंधारात बोटांना कळतात. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी डोळे मिटून तो नट चाचपायला लावायचो.

सायकलवेडा:
पेडल उलटं का, तेही सांगतो. पेन्सिल मुठीत सैल धरा आणि तिचं वरचं टोक दुसऱ्या हाताने गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेने सरकते. पायाचा भार पेडलच्या दांड्याभोवती असाच फिरत राहतो. डावीकडे सरळ आटे असते तर चालवता चालवता पेडल सैल होऊन गळून पडलं असतं. बऱ्याच टेबल फॅनच्या पात्यावरची टोपीही उलट्या आट्यांची असते, ती प्रदक्षिणेच्या दिशेने सुटते.

गोदाकाठ:
काका, निघालं! रात्रभर तेल, सकाळी पाना मागे ओढला, दुसऱ्या हिसक्याला कट्‌ आवाज झाला. आटे शाबूत आहेत. नवीन एल मुलीने स्वतः हाताने बसवलं, शेवटचा पिळा तेवढा मी दिला.