प्रतिसाद: हाँगकाँगची सवलत उलटली कशी

'हाँगकाँग तेव्हा ब्रिटनचीच वसाहत, मग ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेल्याने तिचं काय बिघडलं?' हा वरचा मुद्दा मला पटत नाही. बरंच बिघडलं. (हा समुदाय म्हणजे आजच्या युरोपीय संघाचा पूर्वज: सदस्यांमध्ये आपसात जकात नाही, बाहेरच्या मालावर सगळ्यांची एकच.)

1932 च्या ओटावा करारांपासून साम्राज्यातल्या मालाला ब्रिटनमध्ये जकातीत सवलत होती. हाँगकाँगचं प्लास्टिकचं खेळणं सवलतीत उतरायचं, जर्मन खेळण्यावर पूर्ण जकात बसायची. 1 जानेवारी 1973 ला ब्रिटन आत गेला आणि 1977 पर्यंत टप्प्याटप्प्याने चित्र पार उलटलं. जर्मनी समुदायाचा सदस्य, म्हणून जर्मन माल मोकळा, आणि समुदायाबाहेरच राहिलेल्या हाँगकाँगच्या मालापुढे समुदायाची सामाईक जकात!

बदल्यात विकसनशील देशांसाठीची सर्वसाधारण सवलत योजना होती. पण 'संवेदनशील' मालाला, म्हणजे ज्याच्या आयातीने समुदायातल्या उद्योगांना धक्का बसेल अशा मालाला, सवलतीची वर्षाची मर्यादा; ती भरली की पुन्हा पूर्ण जकात. त्यात हाँगकाँगपुरतं कापड आणि पादत्राणं सुरुवातीला वगळलेली. शर्ट शिवून पोट भरणाऱ्या शहराला अशी सवलत किती पुरणार?

मला सगळ्यात खुपतं ते हे, की वाटाघाटीत हाँगकाँगला स्वतःची खुर्चीच नव्हती. सवलत भारताचीही गेली, पण डिसेंबर 1973 मध्ये आपण समुदायाशी स्वतःच्या सहीने व्यापारी सहकार्य करार तरी केला.