मदत हवी आहे: अँटिबायोटिकशिवाय वाढवलेली कोंबडी कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. सासूबाईंना ताप-जुलाब झाले. स्टूल कल्चरमध्ये (शौचाच्या तपासणीत) साल्मोनेला हा चिकनमधूनही येणारा जंतू निघाला आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकपुढे लिहिलं होतं ‘रेझिस्टंट’, म्हणजे या जंतूवर ते चालत नाही. दुसऱ्या औषधाने त्या बऱ्या झाल्या, पण माझी झोप उडालीय. कोंबड्यांना उठसूट औषधं दिली की त्यांना दाद न देणारे जंतूच तेवढे उरतात. पशुपालनात कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर २०१९ मध्ये बंदी आली, पण बाकीची अँटिबायोटिक्स आहेतच. नीट शिजवलं की असले जंतूही मरतात, हे ठाऊक आहे. मला धास्ती आहे ती कच्चं चिकन धुताना ओट्यावर, कोथिंबिरीवर उडणाऱ्या पाण्याची (म्हणून धुणंच बंद केलंय). दादर-माहीमकडे खात्रीचा विक्रेता कोण? नुसतं लेबल नको, तपासणीचा रिपोर्ट दाखवणारा हवा. कुणी लॅबमध्ये चिकन तपासून घेतलंय का? खर्च किती येतो?