आभाळ पांढरं, डोंगर काळा: आमच्या ग्रुपवरची चर्चा

बी-३०२ ताई: डोंगराचे दोन फोटो टाकलेत, बघा. पहिल्यात झाडं छान, पण आभाळ पांढरंफटक, ढगांचा पत्ता नाही. दुसऱ्यात ढग आलेत तर खालचं सगळं काळंकुट्ट. डोळ्यांना दोन्ही नीट दिसत होतं. कॅमेऱ्यात काही बिघाड आहे का?

ए-१०१ काका: कॅमेरा ठणठणीत आहे गं. आपली नजर आभाळावर गेली की बाहुली बारीक होते, खाली वळली की मोठी. मेंदू ते सगळं जोडून एकच चित्र दाखवतो. कॅमेऱ्याला मात्र एका क्लिकला एकच एक्सपोजर, म्हणजे किती प्रकाश आत घ्यायचा ते, ठरवावं लागतं.

सी-२०४: काका, एचडीआर, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक करणं, ते चालू केलं की झालं ना?

ए-१०१ काका: त्यावर येतो. त्याआधी एक गोष्ट पक्की करा: डिजिटलमध्ये आभाळ एकदा पूर्ण पांढरं झालं की गेलं. सेन्सरचा पिक्सेल भरला की पुढचा प्रकाश नोंदलाच जात नाही. नंतर एडिटिंगमध्ये कितीही ओढा, करड्या रंगाचा सपाट पट्टा मिळतो, ढग मिळत नाहीत. काळोख्या भागात मात्र तपशील दडलेला असतो. उजळल्यावर थोडे दाणे दिसतात, पण झाड झाडासारखं येतं. म्हणून आभाळ सांभाळून फोटो काढायचा आणि जमीन घरी येऊन उजळायची. ताई, तुझा दुसरा फोटो जास्त कामाचा आहे, तो डिलीट करू नकोस.

डी-४०३ आजोबा: फिल्मच्या निगेटिव्हवर आम्ही उलट करायचो, सावल्या सांभाळायचो. पण दुखणं जुनंच आहे. सुरुवातीच्या काचेच्या प्लेटा निळ्या रंगाला फार संवेदनशील होत्या, त्यामुळे आभाळ कोरं यायचं. १८५७ च्या सुमारास फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे यांनी समुद्राची एक निगेटिव्ह आणि ढगांची दुसरी, अशा दोन जोडून एकच प्रिंट काढली. क्षितिजाच्या रेषेवर जोड लपवायचे. तुमच्या एचडीआरचे हे पणजोबाच म्हणा.

बी-३०२ ताई: वा आजोबा, हे माहीतच नव्हतं! पण काका, आभाळ सांभाळायचं म्हणजे बटण कुठलं?

ए-१०१ काका: एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, अधिक-उण्याची खूण असलेलं. उणे १ वर ने, फोटो काढ, हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, बघ. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. आलेख उजव्या भिंतीला चिकटून कापला जात असेल तर अजून खाली. पांढरे भाग लुकलुकवून दाखवणारी सेटिंग असेल तर ती कायम चालू ठेव, मला ती सगळ्यात भरवशाची वाटते. फक्त सूर्याचं बिंबच लुकलुकत असेल तर सोडून दे. आणि फोटो रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरच्या मूळ नोंदीच्या फाइलमध्ये, काढ. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. सावल्या उजळताना हा फरक लगेच कळतो. आयएसओ, म्हणजे प्रकाशासाठीची संवेदनशीलता, कमीत कमी ठेव.

सी-२०४: आणि माझं एचडीआर? 🙂

ए-१०१ काका: ट्रायपॉड लाव, तीन फोटो काढ: उणे २, शून्य, अधिक २. बदल शटर स्पीडने, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं त्याने, कर, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) तेच राहू दे, नाहीतर तिन्हींत फोकसची खोली वेगवेगळी येईल. वारा असला तर पानं हलतात आणि जोडलेल्या फोटोत त्यांच्या भुतासारख्या दुहेरी कडा दिसतात. अशा वेळी एकच रॉ बरा. आणि हात आवरता ठेव रे. सावल्या इतक्या उचलतात लोक की जमीन आभाळापेक्षा उजळ होते. तळ्यातलं प्रतिबिंब खऱ्या आभाळापेक्षा जरा गडदच असतं, ते उलटं झालं की फोटो खोटा वाटतो. थोडा काळोख राहू द्यावा, त्यानेच डोंगराला वजन येतं.

ई-१०५ ताई: ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर वापरतात का अजून? वरून काळा, खालून पारदर्शक असतो तो.

ए-१०१ काका: वापरतात. ०.६ चा दोन स्टॉप आभाळ दाबतो, ०.९ चा तीन. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. समुद्रासारखं सरळ क्षितिज असेल तर उत्तम. डोंगराचं शिखर रेषेच्या वर आलं की तेही काळं पडतं, म्हणून या फोटोला मी तो सुचवणार नाही.

बी-२०१ काकू: आमच्याकडे फक्त मोबाइल आहे हो.

ए-१०१ काका: काकू, बहुतेक मोबाइलमध्ये हे जमतं. उजळ ढगावर बोट दाबून धरा, एक्सपोजर लॉक होईल. मग बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करा. शक्यतो सूर्य पाठीशी किंवा बाजूला ठेवा, निम्मी अडचण तिथेच संपते. सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटं थांबलात तर आभाळ आणि जमिनीतला फरकही बराच कमी होतो, फक्त हात स्थिर हवा.

बी-३०२ ताई: आणि भर दुपारी आभाळात एकही ढग नसेल, नुसतं धुरकट पांढरं असेल तर?

ए-१०१ काका: मग त्याच्यासाठी झगडायचं कशाला? कॅमेरा खाली झुकव, आभाळाची बारीक पट्टी ठेव किंवा पूर्ण वगळ, आणि एक्सपोजर जमिनीचं घे. तुझ्या पहिल्या फोटोचा वरचा तिसरा भाग कापून बघ आणि इथे टाक.