विषय: रविवारची सायकल – बझारच्या पुढचा मातीचा तुकडा

प्रेषक: शुभदा
मंगळवार, रात्री ९:१०

मंडळी, शुक्रवारी रात्रीपासून शनिवारी दुपारपर्यंत पाऊस दाखवतोय. रविवारी ऊन. मार्ग गुरुवारी रात्रीपर्यंत पक्का हवा, कारण अविनाशला व्हॅन कुठे उभी करायची ते ठरवायचंय. मार्गाची फाइल सगळ्यांकडे आहे: स्ट्राँग सिटी, कॉटनवुड फॉल्स, बझार, मॅटफील्ड ग्रीन आणि परत. अडचण फक्त बझारच्या पुढच्या दोन मैलांची. तिथे खडी नाही, नुसती माती. ते दोन मैल ठेवायचे की गाळायचे एवढंच सांगा. टी-शर्टचा विषय आत्ता नको.

प्रेषक: मिलिंद
मंगळवार, रात्री ९:४५

गाळा. कॅन्ससच्या या फ्लिंट हिल्स टेकड्यांतल्या खडीच्या रस्त्यांवरून पाणी पटकन निघून जातं, पावसानंतर दुसऱ्या दिवशी ते मस्त चालतात. ‘मिनिमम मेंटेनन्स’ची (किमान देखभाल) पाटी असलेले रस्ते म्हणजे निव्वळ चिकणमाती. टायरला चिखल बसतो, मग फोर्कमध्ये दाटतो, चाक फिरायचं थांबतं. लोक तरीही जोर लावून पेडल मारतात आणि गिअर बदलणाऱ्या मागच्या डिरेलरचा हँगर तुटतो. एम्पोरियाच्या अनबाउंड या खडीवरच्या सायकल शर्यतीला २०२३ साली सुरुवातीच्या मैलांतच चिखल लागला, तेव्हा व्यावसायिक स्पर्धकसुद्धा सायकली खांद्यावर घेऊन चालत होते. आपल्यासोबत यंदा पहिल्यांदाच येणारी माणसं आहेत.

दुसरं म्हणजे ओल्या मातीत आपण पाडलेल्या चाकोऱ्या वाळून कडक होतात आणि मग गुरांचे ट्रेलर नेणाऱ्यांना त्यांचा त्रास होतो. तो त्यांचा रोजचा रस्ता आहे. हे मला चिखलापेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

प्रेषक: नितीन
मंगळवार, रात्री १०:२०

मी ठेवा म्हणेन. शनिवारी दुपारी पाऊस थांबला की वारा सुटेल, रविवारी अकरापर्यंत वरचा थर वाळेल. चढ संपल्यावर दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत गवत दिसतं ते त्याच तुकड्यावर. ऑक्टोबरात ब्लूस्टेम गवत तांबूस झालेलं असतं. लोक एवढ्या लांब कशासाठी येतात? रंग ढवळायच्या लाकडी पट्ट्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. प्रत्येकाने एक खिशात ठेवली की चिखल खरवडून पुढे जाता येतं. एम्पोरियाला सगळे तेच करतात.

प्रेषक: पराग
बुधवार, सकाळी ७:०५

एवढा वाद असेल तर फ्लिंट हिल्स ट्रेल घ्या ना. कौन्सिल ग्रोव्हहून निघायचं, हवं तेवढं पूर्वेला जायचं आणि परत यायचं. जुना रेल्वेमार्ग आहे, चढ जवळजवळ नाहीच, चुरा केलेली खडी, गाड्या नाहीत. ओसावाटोमी ते हेरिंग्टन ११८ मैल आहे, कंटाळा येईल तिथून वळा. मुलांनाही आणता येईल.

प्रेषक: मिलिंद
बुधवार, सकाळी ८:३०

पराग, ट्रेल चांगलाच आहे, पण रेल्वेने चढ टाळूनच मार्ग आखलेला. बऱ्याच ठिकाणी दोन्ही बाजूंना झाडी आहे, टेकड्या दिसतच नाहीत. मुलांची सहल वसंतात वेगळी काढू. मार्च-एप्रिलमध्ये कुरणं जाळतात, तेवढे धुराचे दिवस सोडून.

वाऱ्याबद्दल मात्र कोणीच बोललेलं नाही. इथे एरवी दक्षिणेचा वारा असतो. पाऊस थंड हवेच्या लाटेबरोबर येतोय, म्हणजे रविवारी वारा उत्तरेचा. जाताना पाठीशी, येताना अर्धा दिवस तोंडावर. उघड्या माळावर आडोसा नाही. उलटं करू या: गाड्या मॅटफील्ड ग्रीनला लावायच्या, आधी वाऱ्याविरुद्ध उत्तरेला जायचं आणि पाय दमल्यावर वारा पाठीशी घ्यायचा.

प्रेषक: विद्याताई
बुधवार, दुपारी १२:४०

मिलिंद, गाड्या मॅटफील्ड ग्रीनला लावल्या तर जेवणाचं काय? डबे कॉटनवुड फॉल्सला कोर्टहाउसजवळ उघडायचे असं समितीत ठरलंय आणि माझ्याकडे नावं लिहून आलीत: थालीपीठ, दहीभात, बटाट्याची भाजी. कॉटनवुड फॉल्सला सावली आहे. १८७३ची ती चुनखडीची इमारत आजही कोर्ट म्हणूनच वापरात आहे, नवीन लोकांना ती दाखवायचीय. जेवणाची जागा हलवायची तर मला आधी विचारा, परस्पर मेलवर नको.

प्रेषक: श्रीकांतकाका
बुधवार, संध्याकाळी ६:१५

विद्या, जेवण तुझ्याच जागी. उलट्या मार्गाने ते बरोबर मध्यावर येतं, म्हणजे मिलिंदचंही खरं.

नितीन, मातीबद्दल एक सांगतो. मी यवतमाळ जिल्ह्यात वाढलो. शाळेला सायकलने जायचो, वाटेत काळी माती. पहिला पाऊस पडला की मडगार्ड काढून घरी ठेवायचे, कारण चिखल त्यातच अडकायचा. तरीही ओढ्याच्या पुढे सायकलच माझ्यावर बसायची. वरून वाळलेली दिसते ती माती सगळ्यात वाईट. पापुद्रा फुटतो आणि खालचा लगदा चाकाला धरतो. अकरा वाजता रस्ता वाळलेला दिसेल आणि त्यावरच माणसं फसतील. इथली चिकणमाती माझ्या ओळखीची वाटते.

आणखी एक, कारण मागे कोणीतरी विचारलं होतं: बझारजवळ अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक नूट रॉकनी यांच्या विमान अपघाताचं स्मारक आहे (३१ मार्च १९३१, आठ जण गेले). ते खासगी कुरणात आहे. कुंपण ओलांडून कोणीही जायचं नाही. या टेकड्या आज आपल्याला दिसतात त्या एवढ्यासाठीच, की मातीतल्या गारगोटीमुळे इथे नांगर चालला नाही आणि गुरं चारणाऱ्यांनी गवत राखलं. त्यांचं फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद, जसं असेल तसं ठेवायचं.

प्रेषक: सायली
बुधवार, रात्री ८:५०

माझे टायर ३५ मिमीचे आहेत, ट्यूबवाले. चालतील का? आणि पाणी वाटेत मिळेल ना?

प्रेषक: नितीन
बुधवार, रात्री ९:२५

सायली, ३५ नको. गारगोटीच्या कडा धारदार असतात, टायरची बाजू कापतात. ४० किंवा जास्त, शक्यतो ट्यूबलेस, आत भोक बुजवणारं सीलंट ताजं. माझ्याकडे ४२चा ट्यूबलेस जोड पडून आहे, फ्रेममध्ये मावत असेल तर शनिवारी येऊन घेऊन जा, बसवून देतो. टायर कापला तर आतून लावायला जाड रॅपर किंवा डॉलरची नोट चालते. पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या हव्यातच. मॅटफील्ड ग्रीनला दुकान नाही असं धरूनच चल.

काकांचं पापुद्र्याचं म्हणणं पटलं. पण तो तुकडा गाळून तेवढं अंतर के-१७७ महामार्गाच्या डांबरावरून न्यायचं असेल तर माझा विरोध आहे. तिथे ट्रक जोरात जातात. पूर्वेकडून खडीचा वळसा आहे, चार-पाच मैल वाढतील.

प्रेषक: शुभदा
गुरुवार, रात्री ८:००

ठरलं. मातीचा तुकडा बाद. नितीनचा पूर्वेकडचा वळसा घेतला, फाइल बदलून पाठवते, जुनी कृपया काढून टाका. सुरुवात मॅटफील्ड ग्रीनहून सकाळी साडेआठला, जेवण कॉटनवुड फॉल्सला, विद्याताईंशी फोनवर बोलणं झालंय. अविनाश व्हॅन घेऊन बझारला थांबेल. सिग्नल बऱ्याच ठिकाणी नसतो, म्हणून फाइल आणि नकाशा घरूनच उतरवून घ्या. रस्त्यावर गुरं दिसली तर थांबा, घंटी वाजवू नका, त्यांना सावकाश बाजूला होऊ द्या. गुरं अडवायला रस्त्यात बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या कॅटल गार्डवरून सरळ जायचं, तिरकं नाही. पट्ट्या ओल्या असतील तर उतरून चाला.

शनिवारी रात्री पाऊस थांबलेला नसेल तर नऊ वाजता मेल करीन.

प्रेषक: विद्याताई
गुरुवार, रात्री ८:२०

ताक कोण आणतंय? यादीत कोणाचंच नाव नाही.