एसी लावला की गाडी घरघरते, कॉम्प्रेसर बदलू का?

मारेगावचा_कास्तकार
राम राम मंडळी. माझ्याजवळ 2017 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 84 हजार किलोमीटर झाली. आठ दिवसांपासून एसी लावला की घर्र-घर्र आवाज येऊन राहिला, मधातच चिरकते पण. थंडावाही कमी झाला. तालुक्यातल्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, अर्धा मिनिट कान लावला अन् म्हणे, कॉम्प्रेसर गेला, 22 हजार लागतील. कापसाचे पैसे अजून हातात नाहीत. सोमवारी आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सेवाग्रामला न्यायचं आहे. 45 च्या उन्हात काचा उघडून कसं नेऊ? वणी-यवतमाळकडे कोणी भरवशाचा एसीवाला असंल तर सांगा.

वणी_लाईन
गॅस संपला असंल भाऊ. भरून घे, विषय संपला.

जुना_फिटर
गॅस काही पेट्रोलसारखा जळत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळून राहिला, ते न शोधता भरला तर पुन्हा तेच. अन् अंदाजानं जास्त भरला तर आपल्याकडच्या उन्हात प्रेशर चढते, कॉम्प्रेसरच ओरडतो. किती ग्रॅम भरायचा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं राहते.

मारेगाववाले दादा, एसीवाला नंतर पाहू. पहिले सांगा, आवाज नेमका कवा येते? इंजिन बंद ठेवून चावी फक्त ऑनवर घ्या, एसीचं बटन बंद, ब्लोअर (आत हवा फेकणारा पंखा) एकवर, मग चारवर. काय होते?

मारेगावचा_कास्तकार
आत्ता केलं. इंजिन बंद असतानाही घर्र-घर्र येते! चारवर तर काहीतरी आपटल्यासारखं वाटते. पण चिरकणं नाही आलं.

जुना_फिटर
मग हे दोन आवाज आहेत, तुम्ही एकच समजून चालले. कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद तर तो ठप्प. म्हणजे घरघर ब्लोअरची आहे. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागं केबिन फिल्टर राहते अन् त्याच्या खालच्या अंगाला ब्लोअर. ग्लोव्ह बॉक्स उतरवा, फिल्टर काढा, टॉर्च मारून पाहा. गाडी हिवाळ्यात कुठं उभी होती?

आता चिरकण्याचं. इंजिन चालू, एसी बंद, बॉनेट उघडं. तेव्हाही आवाज असंल तर आयडलर (पट्ट्याला आधार देणारी मोकळी पुली), अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), नाहीतर कॉम्प्रेसरच्या पुलीचा बेअरिंग पाहावा लागते, कारण एसी बंद असला तरी ती पुली फिरतच राहते. फक्त एसी लावल्यावर येत असंल तर पट्टा घसरून राहिला, कॉम्प्रेसरचा क्लच (त्याला पुलीशी जोडतो-सोडतो तो) घासून राहिला, नाहीतर खरंच कॉम्प्रेसर आतून गेला. पट्ट्याची परीक्षा सोपी: इंजिन चालू असताना लांबूनच फवारणीच्या बाटलीनं पट्ट्यावर थोडं पाणी मारा. आवाज क्षणभर थांबला तर पट्टा घासला किंवा पुल्या एका ओळीत नाहीत. वाढला तर पट्टा ढिला. गळ्यात दुपट्टा असंल तर पहिले काढून ठेवा, यात मजाक नाही.

एसी लागताना 'टक' वाजते तो क्लच, अन् बंद केल्यावर डॅशबोर्डात थोडा वेळ सूं-सूं येते ती गॅसची. दोन्हीत काही बिघाड नाही.

हिंगणघाटची_सून
थंडावा कमी आहे म्हणता तर रेडिएटरच्या पुढची जाळी, म्हणजे कंडेन्सर, पाहा. आमच्या घरची गाडी जिनिंगच्या रस्त्यानं रोज जाते. कंडेन्सरवर सरकीचा भुरा अन् रुई बसून अक्षरशः गोधडी झाली होती. हळू धारेच्या पाण्यानं धुवा. सर्व्हिसिंगवाल्याच्या जोरदार प्रेशरनं पत्र्याच्या बारीक पात्या मुडपतात. अन् एसी लावल्यावर पुढचा पंखा फिरतो का तेही पाहा.

मारेगावचा_कास्तकार
गाडी हिवाळ्यात कापसाच्या गंजीला लागूनच टिनाच्या शेडात होती. ग्लोव्ह बॉक्स खोलला. राजेहो, काय सांगू! उंदरानं ब्लोअरमधी बिऱ्हाड केलं होतं. रुई, तुरीच्या शेंगा, सोयाबीनचा कुटार अन् बायको चार महिन्यांपासून शोधत होती ते रेशनच्या पावतीचे तुकडे. वास तर विचारूच नका. तोंडाला फडकं बांधून सारं काढलं, पंख्याची एक पाती तुटलेली निघाली. फिल्टरची तर चाळणी झालेली.

चिरकणं एसी लावल्यावरच येते. पाणी मारलं तर वाढलं.

जुना_फिटर
वाढलं म्हणजे पट्टा ढिला. इंजिन बंद करून त्याच्या पोटावर टॉर्च मारा. भेगा दिसल्या किंवा अंग चकचकीत झालं असंल तर नवीन टाकूनच ताणून घ्या. तुटकी पाती चालवू नका. तोल गेला की मोटरचा बेअरिंग खाते. मोटर पंख्यासकट मिळते.

अन् त्या 22 हजारवाल्याला एवढं विचाराच: त्यात ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा) बदलणं, पाईप फ्लश करणं म्हणजे आतून धुणं, अन् व्हॅक्यूम करणं म्हणजे लाईनीतली हवा ओढून काढणं धरलं का? कॉम्प्रेसर खरंच आतून फुटला असता तर धातूचा चुरा सगळ्या लाईनीत गेला राहते. तो साफ न करता नवीन बसवला तर तोही मरते.

मारेगावचा_कास्तकार
फोन केला. म्हणे, "ते नंतर पाहू." मी म्हटलं, मीही नंतरच पाहतो.

पट्टा काल वणीत बदलला. ब्लोअर यवतमाळच्या दुकानातून आणून रात्री मीच बसवला, तीन स्क्रू होते. सगळे मिळून 3,400 लागले. हिंगणघाटच्या ताईंनी सांगितल्यावर कंडेन्सर धुतला तर पाणी काळं निघालं, आमच्या रस्त्यानं कोळशाचे ट्रक राहतात ना. आता आवाज नाही अन् मागं बसलेल्या आईनं "जरा कमी कर" म्हटलं.

पण उंदीर परत आला तर?

हिंगणघाटची_सून
गाडी उभी करताना हवेचं बटन आतली हवा फिरवण्यावर ठेवा, बाहेरच्या हवेचं दार बंद राहते. बॉनेटखाली जिथून हवा आत जाते तिथं बारीक तारेची जाळी लावून घ्या. अन् गाडी गंजीपासून दूर ठेवा.

वणी_लाईन
नाहीतर मांजर पाळ. गॅसपेक्षा स्वस्त पडते.